दावाओला डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलामुलींना खुलं पत्र

प्रिय मुलामुलींनो,

तुमच्या बॅगा एव्हाना भरत आल्या असतील. कुकर घेतला का, गोडा मसाला किती न्यायचा, लोणच्याची बरणी विमानात फुटली तर काय, या सगळ्याची यादी सीनियर मंडळींनी दिलीच असेल. मीही तुमची सीनियरच. फिलिपिन्समधल्या दावाओहून एमडी होऊन आले, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना भारतात द्यावी लागते ती परीक्षा दिली (दुसऱ्या झटक्यात, खोटं कशाला सांगू), आणि आता नाशिक जिल्ह्यात डोंगराकडच्या एका गावात दवाखाना चालवते. त्या यादीत कुणीच लिहीत नाही अशी एक गोष्ट सांगायची आहे, म्हणून हे पत्र.

तिथे पोचलात की पहिल्याच महिन्यात तुम्हाला बिसाया शिकवायला घेतील. पुस्तकात तिला सेबुआनो म्हणतात. 'मायोंग बुन्ताग' म्हणजे सुप्रभात, 'आसा आंग साकित' म्हणजे कुठे दुखतंय. मन लावून शिका. भाजीवाली, जीपनीवाला, वॉर्डातले पेशंट, सगळ्यांशी तिच्यावरच भागतं. फक्त हीच इथली मूळ भाषा, असं समजू नका. मी तीन वर्षं तसंच समजत होते. सेबू आणि आजूबाजूच्या बेटांवरून माणसं गेल्या शतकात मिंदानाओत, म्हणजे दावाओ आहे त्या बेटावर, आली, कुणी मळ्यांवर कामाला, कुणी सरकारी वसाहत योजनांतून, आणि त्यांची भाषा किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरली. त्याआधी तिथे जे बोललं जायचं ते डोंगरात अजून बोललं जातं. त्यातला मोठा गोतावळा मनोबो भाषांचा.

भाषांचा, अनेकवचनी. मनोबो ही एक भाषा नाही, पंधरा-वीस भाषांचं कुटुंब आहे. आगुसानच्या दलदलीत ओंडक्यांच्या तराफ्यांवर घरं बांधून राहणारे मनोबो, पुलांगी नदीच्या खोऱ्यातले, आपो पर्वताच्या उतारावरचे, दक्षिणेला सारांगानीकडचे, सगळे एकमेकांचे भाऊबंद. पण आगुसानचा माणूस सारांगानीत गेला तर त्याला हातवारेच करावे लागतील. पाण्याचा शब्द घ्या. उत्तरेकडे 'वाहिग', पश्चिम बुकिदनोनमध्ये 'वयिग', ओबो लोकांत 'वोइग'. एकच शब्द, प्रत्येक खोऱ्यात वेगळा कपडा घालून. बिसायात पाणी 'तुबिग'. ती या घरातली नाही, लांबची नातेवाईक.

दावाओ शहराची हद्द २,४४३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे बृहन्मुंबईच्या चौपट. तुमचं हॉस्टेल, मॉल आणि ड्युरियन फळाचा वास हे सगळं त्याच्या एका कोपऱ्यात. उरलेला बराचसा डोंगर आहे. ऑगस्टमध्ये कादायावानचा उत्सव असतो. तेव्हा माग्सायसाय पार्कमध्ये शहरातल्या ११ जमाती आपापली घरं उभी करतात. जरूर जा, पण फोटो काढून लगेच निघू नका. त्या अकरांतल्या पाच बिगरमुस्लीम आदिवासी जमाती: आता, मातिगसालुग, ओबो मनुवु, बागोबो तागाबावा आणि बागोबो क्लाता. पहिल्या चौघांच्या भाषा मनोबो. पाचव्यांच्याही नावात बागोबो आहे, तरी त्यांची भाषा निराळ्याच शाखेतली. नावावरून नातं ओळखायला गेलात की फसलात. ('आता' हे जमातीचं नाव मराठी मुलांना फार छळतं. "आता कुठे राहतात?" या प्रश्नावर आमच्या रूमवर अर्धा तास गोंधळ झाला होता.)

या पाचांना आणि मिंदानाओतल्या अशाच इतर जमातींना मिळून 'लुमाद' म्हणतात. तो शब्द बिसायाचाच, अर्थ 'या मातीतला'. जून १९८६ मध्ये किदापावानला वेगवेगळ्या जमातींचे लोक जमले आणि त्यांनी हे नाव स्वतःसाठी घेतलं. सगळ्यांना कळेल अशी भाषा बिसायाच उरली होती, म्हणून आपलं नावसुद्धा त्यांना बाहेरून आलेल्यांच्या भाषेत ठेवावं लागलं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यापासून तो शब्द मी जरा हळू उच्चारते.

आता कानाचं बोलू. मराठी घरात वाढलेल्या माणसाला मनोबो ऐकताना एक आयता फायदा मिळतो आणि तो तिथल्या बिसाया बोलणाऱ्या नर्सलाही मिळत नाही. आपला अ.

हसू नका. फिलिपिन्सच्या भाषांची जी आदिभाषा मानतात तिच्यात चार स्वर होते: आ, इ, उ आणि आपल्या 'कमळ'मधल्या अ सारखा एक. अभ्यासक त्याला जावानीज शब्दाने 'पपत' म्हणतात. बहुतेक मोठ्या भाषांनी तो स्वर टाकून दिला. सहा या आकड्याचं मूळ रूप 'अनम'. तागालोगमध्ये त्याचं 'आनिम' झालं, दावाओच्या बिसायात 'उनोम'. अ गेला, एकीकडे इ झाला, दुसरीकडे उ. मातिगसालुग आणि पश्चिम बुकिदनोन मनोबो यांच्यासारख्या भाषांनी मात्र तो जपून ठेवला आहे. पंचाईत अशी की रोमन लिपीत त्याला स्वतःचं अक्षर नाही. मग ए या स्वराचं अक्षर (e) वापरतात, आणि शहरातला माणूस ते ए असंच वाचतो. माणूस या अर्थाचा त्यांचा शब्द छापलेला वाचला तर 'एतेव' दिसतो. बोलणारा म्हणतो 'अतव'. देवनागरीत हे लिहायला मला क्षणाचाही विचार करावा लागला नाही.

दुसरा आवाज व. मनोबो हे नाव आपण ब ने लिहितो. ओबो आणि पश्चिम बुकिदनोनकडचे लोक दोन स्वरांमधला तो ब मऊ करून व च्या जवळ नेतात, म्हणून ते स्वतःला 'मनुवु' किंवा 'मोनुवु' म्हणवतात. बिसायात व्ही चा आवाज नाही, व्हिडिओचं 'बिद्यो' होतं. त्यामुळे शहरात आल्या आल्या त्यांच्या नावातला व पुन्हा ब होऊन बसतो. आपल्याला वार आणि बार वेगळे ऐकू येतात. तेवढा कान इथे पुरतो.

तिसरा आवाज मात्र आपल्याकडे अक्षरांत नाही, तोंडात आहे. रांगणारं पोर प्लगकडे निघालं की आपण म्हणतो "अ-अ!" त्या दोन अ च्या मध्ये घसा क्षणभर बंद होतो, बघा करून. मनोबो भाषांत ते पूर्ण मानाचं व्यंजन आहे, क किंवा त सारखं. शब्दाच्या मध्ये येतं, शेवटीही येतं. बिसायातही आहे: 'बासा' म्हणजे वाचणे, आणि त्याच्या दुसऱ्या आ वर जोर देऊन शेवटी घसा बंद केला की ओलं. 'मनुवु'च्या शेवटीही अशीच घशाची अडकण आहे. आर्सेनियो मानुएल या अभ्यासकाने १९५० च्या दशकात त्या लोकांकडून तुवाआंग या वीराची गायलेली महाकाव्यं उतरवून घेतली. तो जमातीचं नाव लिहिताना शेवटी न चुकता एक उलटा स्वल्पविराम द्यायचा. कुणाला वाटेल छपाईची चूक आहे. ते व्यंजन आहे. कॉम्प्युटरच्या फॉर्ममध्ये ते चिन्ह सर्वांत आधी गळतं, कारण फॉर्म त्याला अक्षर मानतच नाही.

माझ्या आडनावात ळ आहे. कॉलेजच्या ओळखपत्रावर त्याचा ल झाला, हजेरीला त्याचं आणखी काहीतरी झालं, आणि सहा वर्षं मी त्याच नावाला ओ दिली. त्यामुळे त्या गळलेल्या चिन्हाचं दुःख मला जरा लवकर समजलं असावं.

हे सगळं मला पुस्तकातून आधी कळलं नाही. चौथ्या वर्षी मारिलोगला आरोग्य शिबिर होतं. दावाओहून बुकिदनोनकडे जाणारा घाट चढला की हवा एकदम बदलते, धुकं असतं, स्वेटर लागतो. मारिलोगही दावाओ शहराच्याच हद्दीत, मातिगसालुगांचा मुलूख. मातिगसालुग म्हणजे सालुगच्या काठचे. सालुग हे दावाओ नदीचं जुनं नाव. समाजमंदिरासारख्या एका हॉलमध्ये टेबलं मांडली होती. माझ्यासमोर एक म्हातारी बसली, शेजारी तिची नात, मधे आमची नर्स. मी इंग्रजीत विचारायचं, नर्सने बिसायात, नातीने मातिगसालुगमध्ये, आणि उत्तर त्याच पायऱ्या उतरत माझ्याकडे. ताप किती दिवसांपासून? म्हातारी माझ्याकडे न बघता लांबलचक काहीतरी बोलली. नात म्हणाली, "तुलो का आद्लाव." नर्स म्हणाली, तीन दिवस.

म्हातारीच्या बोलण्यात मला मधेच 'तलु' ऐकू आलं होतं. तलु, तुलो. अ होता, तिथे उ आला. मी सहज, स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं, "तलु?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची सरकवून माझ्याकडे वळली आणि जी बोलत सुटली, मला एक अक्षर कळेना. नर्स हसायला लागली. नात मात्र भाषांतर करायचं सोडून ऐकत राहिली, आणि शेवटी जे सांगितलं त्यात तापाच्या आधी आठवडाभर उजव्या कुशीत दुखत होतं हे निघालं. ते पहिल्या उत्तरात नव्हतं. एका स्वराने निदान झालं असं मी म्हणत नाही, निदान तपासणीनेच झालं. पण आजी बोलली.

त्या दिवशी मी एक चूकही केली, ती सांगायला हवी. कार्डावर 'जमात' या रकान्यात मी सरळ 'मनोबो' लिहून टाकलं. नात वाकून वाचत होती. म्हणाली, आम्ही मातिगसालुग. आधीच्या रजिस्टरमध्ये कुणीतरी नुसतंच 'नेटिव्ह' लिहिलं होतं, त्या मानाने माझं बरं, एवढंच. आणि आणखी एक गोष्ट तेव्हाच कानाला लागली: नातीच्या तोंडचा अ आजीसारखा राहिला नव्हता. उ कडे झुकला होता. शाळेत, बाजारात, मोबाइलवर दिवसभर बिसाया. दोघी एकाच घरात राहतात आणि मधे एक स्वर पातळ होत चाललाय.

शाळेचं निघालं म्हणून सांगते, कारण तिथे राहताना वर्तमानपत्रात वाचाल. २०१३ च्या शिक्षण कायद्याने फिलिपिन्समध्ये बालवर्गापासून तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवायचं ठरलं. सुरुवातीला १२ भाषा घेतल्या, पुढे १९ केल्या. त्या एकोणीसांत तागालोग, सेबुआनो, इलोकानो, मारानाओ, याकान, अगदी सुरिगावनोन आहे. मनोबो कुळातली एकही नाही. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये १२०२७ क्रमांकाचा कायदा राष्ट्राध्यक्षांच्या सहीविनाच अमलात आला, आणि मातृभाषेची ती सक्ती निघाली. पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी. वर्गातली सगळी मुलं एकाच भाषेची असतील तर त्या भाषेतून शिकवायची मुभा आहे, पण अटी अशा: भाषा आयोगाने प्रसिद्ध केलेली अधिकृत लेखनपद्धती हवी, नोंदलेला शब्दसंग्रह हवा, मुलांसाठी वाचायला पुस्तकं हवीत, व्याकरण हवं, ती भाषा बोलणारे प्रशिक्षित शिक्षक हवेत. कागदावर अटी वाजवी वाटतात. पण डोंगरातल्या एका शाळेने हे सगळं जमवायचं कुठून? ज्यांच्या अ ला अक्षर नाही आणि ज्यांच्या घशातल्या व्यंजनाला फॉर्म अक्षर मानत नाही, त्यांना सांगायचं की आधी लेखनपद्धती आणा. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडीत शाळा काढली तेव्हा तिलाही अनधिकृत ठरवणारी नोटीस आलीच होती, तेव्हा नाक वर करून बोलायची सोय आपल्यालाही नाही.

आणि तिथे शाळा हा विषय जपून काढा. १ सप्टेंबर २०१५ ला सुरिगाओ देल सुरमधल्या लियांगा इथे लुमाद मुलांच्या शाळेच्या प्रमुखाचा खून झाला, त्याच दिवशी दोन लुमाद नेतेही मारले गेले. २०१९ मध्ये दावाओ भागातल्या सालुगपोंगान संस्थेच्या ५५ लुमाद शाळा सरकारने बंद केल्या. आरोप बंडखोरांशी संबंधाचा, संस्थेने तो नाकारला. तुम्ही परदेशी विद्यार्थी. कुणाची बाजू घ्या असं मी सांगणार नाही. पण एखादा पेशंट शाळेचं नाव काढताच गप्प झाला, तर खोदून विचारू नका.

एक विषयांतर करते. दावाओत हे तुम्हाला बहुधा भेटणार नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मनोबो कुळातली एक भाषा मिंदानाओ सोडून थेट सुलू समुद्रात जाऊन बसली आहे. कागायानसियो नावाच्या चिमुकल्या बेटांवरची कागायानेन, पालावान प्रांतात. सगे सोयरे डोंगरात, आणि ही माणसं कोळी. त्यांच्या भाषेत ल च्या जुन्या जागी पुष्कळदा एक निराळाच आवाज येतो: जिभेचं टोक दातांमधून चक्क बाहेर डोकावतं आणि आवाज मात्र घासत नाही, ल सारखा वाहत राहतो. २०१० मध्ये अभ्यासकांनी बोलणाऱ्यांचे चेहरे व्हिडिओवर टिपून त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऐकू येण्याआधी दिसणारा आवाज! मी आरशासमोर करून पाहिला आणि माझ्या मुलीने विचारलं, आई, तू मला चिडवतेस का? ज्यांच्याकडे ल आणि ळ दोन्ही आहेत त्या आपण तरी याला वेडेपणा म्हणू नये. दिल्लीकडच्या माणसाला आपल्या ळ बद्दल नेमकं हेच वाटतं.

बरं, तुमच्या कामाचं. वॉर्डात कुणी डोंगरातून आलंय असं कळलं, तर जमात विचारा आणि घरी कोणती भाषा बोलता हेही विचारा. दोन्ही उत्तरं त्यांनी म्हटली तशी लिहा, रकान्यात मावली नाहीत तर बाजूला लिहा. नर्सच्या बिसायावर गाडी अडली, तर सोबत आलेल्यांतल्या थोड्या वयस्क माणसाला मधे घ्या. नातवंडं चुणचुणीत असतात, पण उत्तर लहान करून सांगतात. आणि 'आपण' व 'आम्ही' यांतला फरक तिथे चालतो, हे डोक्यात ठेवा. बिसायात 'किता' म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण, 'कामि' म्हणजे तुला सोडून आम्ही, आणि मनोबो भाषांतही हा भेद आहे. इंग्रजीतून विचार करणारे माझे दिल्लीकडचे वर्गमित्र इथे हटकून घसरायचे. एकाने पेशंटच्या अख्ख्या कुटुंबाला 'कामि' वापरून सांगितलं, आम्ही आता एक्सरे काढायला जातो. ते सगळे बिचारे मान डोलावून बाकावर बसून राहिले आणि हा एकटाच गेला. मराठी माणसाने ही चूक केली तर त्याला माफी नाही.

एक छोटी वही ठेवा. शब्द देवनागरीत लिहा, तुमची सोय आहे ती. अ ला अ, व ला व, आणि घशाच्या अडकणीला मी आपली एक छोटी आडवी रेघ मारायचे. मातिगसालुगचे माझ्या वहीत सहा वर्षांत जेमतेम चाळीस शब्द जमले. चाळीस शब्दांत संभाषण होत नाही. शुश्रूषा होते.

इकडे आल्यावर ती वही मी फेकली नाही. आमच्या डोंगरात कोकणा बोलणाऱ्या आज्या येतात, त्यांच्यासाठी त्याच वहीची मागची पानं चालू आहेत.

तुमची,
एक सीनियर

ता. क. शिबिराच्या शेवटी त्या आजीने नातीकरवी माझं नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं, खऱ्या ळ सकट, ओळखपत्रावरच्या ल ने नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग ल म्हणून पाहिला, र म्हणून पाहिला, ड च्या जवळ गेली. नात हसली, तशी तिला हाताने गप्प केलं. मला बोटाने खूण केली, पुन्हा म्हण. मी पुन्हा म्हटलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता, आमची माणसं औषधांच्या पेट्या उचलत होती, आणि ही बाई अंगात ताप घेऊन जीभ टाळ्याकडे वळवत बसली होती.